बाक, पंगत आणि बघे : शाळेतील छळाचा एक महाराष्ट्रीय इतिहास

शाळेत एका मुलाचा इतर मुलांकडून होणारा छळ हा विषय मराठीत स्वतंत्रपणे चर्चेला येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, तरी त्याचे प्रकार मात्र शाळा या संस्थेइतकेच जुने आहेत. चिडवणे, टोपणनाव पाडणे, डबा पळवणे, दमदाटी करणे, खेळात न घेणे, वाळीत टाकणे या गोष्टींना घरात आणि शिक्षकांच्या खोलीत ‘पोरांच्या खोड्या’ म्हटले जाई आणि तेवढ्यावर त्यांचा विचार संपत असे. प्रस्तुत लेखात ‘छळ’ हा शब्द एका मर्यादित अर्थाने योजला आहे. समान बळाच्या दोन मुलांमधील भांडण म्हणजे छळ नव्हे. एका बाजूला अंगबळ, संख्या, जात, पैसा किंवा प्रतिष्ठा यांपैकी कशाचे तरी पारडे जड असताना, दुसऱ्या बाजूच्या मुलाला जाणूनबुजून आणि वारंवार दुखावले जाते तेव्हा त्यास छळ म्हणावे. नॉर्वेत काम केलेले स्वीडिश मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ही व्याख्या आज जगभर स्वीकारली गेली आहे, आणि महाराष्ट्रातील शाळांच्या पूर्वेतिहासाला ती लावून पाहिली असता बऱ्याच परिचित घटनांचा वेगळा अर्थ लागतो.

या इतिहासाकडे तळेगाव दाभाडे येथून पाहण्याला दोन कारणे आहेत. सरसेनापती दाभाड्यांचे हे मावळातील गाव विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील राष्ट्रीय शिक्षणाच्या प्रयोगाचे एक केंद्र होते आणि तेथील निवासी शाळेने मुलांचे एकत्र राहणे हाच शिक्षणाचा भाग मानला होता. तर आज तेच गाव चाकण आणि पिंपरी-चिंचवड यांच्या लगतच्या औद्योगिक पट्ट्यात येते आणि तेथील वर्गांत मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेली मुले मावळी मुलांच्या शेजारी बसतात. अनोळखी मुले एकत्र आणली की त्यांच्यात काय होते, आणि जे वाईट होते ते कशाने थांबते, हा प्रश्न या गावाला दोनदा, दोन वेगळ्या काळांत पडलेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत गावोगाव चालणारी पंतोजीची शाळा, म्हणजे देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या वाड्याच्या पडवीत एकाच शिक्षकाने धूळपाटी, मोडी अक्षर, पाढे आणि हिशेब शिकवण्याची व्यवस्था, ही शिक्षेच्या दृष्टीने कठोर होती. ओणवे उभे करणे, अंगठे धरायला लावणे, चिंचेच्या फोकाने मारणे या शिक्षा पालकांना मान्य होत्या, किंबहुना अपेक्षित होत्या. या शाळेत वर्ग नसत; मोठी मुले लहानांना पाढे म्हणून दाखवीत आणि त्यांच्याकडून घोकून घेत. स्कॉटिश पाद्री अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या अनाथाश्रमात १७८९ नंतर याच देशी पद्धतीवरून मोठ्या मुलांकरवी लहानांना शिकवण्याची रीत बसवली, ती इंग्लंडमध्ये जोसेफ लँकेस्टर यांच्या तशाच प्रयोगासोबत प्रसिद्धी पावली, आणि पुढे नव्या इंग्रजी व्यवस्थेबरोबर ती हिंदुस्थानात नियमबद्ध रूपात परत आली. तिच्यातून ‘मॉनिटर’ हा अधिकारी जन्मला. शिक्षक बाहेर गेला असता बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा, प्रसंगी छडी हाती घेणारा हा विद्यार्थी मराठी शाळेत आजही टिकून आहे.

या पद्धतीचा एक परिणाम पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. शिक्षकाने आपल्या अधिकाराचा तुकडा एका मुलाच्या हाती दिला, परंतु त्याच्या वापरावर देखरेख ठेवली नाही, तर त्या अधिकाराचा भाव ठरतो. कोणाचे नाव फळ्यावरून पुसायचे आणि कोणाचे ठेवायचे हे मॉनिटरच्या मर्जीवर जाते, आणि दुबळे मूल त्या मर्जीखाली राहते. जो शिक्षक स्वतः मारतो त्याच्या वर्गात मारणे ही मोठ्यांची मान्य रीत ठरते, हे तर उघड आहे. गिजुभाई बधेका यांनी भावनगरात आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे दादर, बोर्डी व कोसबाड येथे शिक्षाविरहित बालशिक्षणाचा आग्रह धरला, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः मोठ्यांच्या मारावर होता. पण १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या या कार्याने मुलांमुलांतील हिंसेचेही एक मूळ उपटण्याचा प्रयत्न केला, असे म्हणणे वावगे होणार नाही.

तळेगावातील समर्थ विद्यालय या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. त्याचे प्रवर्तक प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर हे मूळचे कोल्हापूरचे. राजाराम महाविद्यालयात अध्यापन करीत असतानाच त्यांनी ‘ग्रंथमाला’ हे मासिक चालवले होते. वंगभंगानंतर स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांची जी लाट उठली आणि जिला १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसने ठरावाचे रूप दिले, त्या लाटेत सरकारी अनुदान व सरकारी परीक्षा यांपासून मुक्त असे हे विद्यालय उभे राहिले आणि तळेगाव दाभाडे येथे स्थिरावले. मातृभाषेतून शिक्षण, हस्तव्यवसाय आणि शिक्षक-विद्यार्थ्यांचा सहवास ही त्याची अंगे होती. याच गावात १९०८ मध्ये पैसा फंडाच्या वर्गणीतून काचेचा कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या फंडात दरडोई वर्षाला एक पैसा द्यावा अशी योजना होती. शाळा आणि उद्योग यांची ही जोड तळेगावच्या पुढील शतकाची जणू पूर्वसूचना होती. ‘विश्ववृत्त’ मासिकात श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा वैदिक प्रार्थनांविषयीचा लेख छापल्याबद्दल विजापूरकरांना राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगवास झाला आणि १९१० मध्ये सरकारने विद्यालयही बंद पाडले; सुटकेनंतर त्यांनी तळेगावातच शिक्षणाचे काम पुन्हा उभे केले आणि ‘समर्थ’ हे नाव तेथील शाळेशी आजपर्यंत जोडलेले राहिले.

निवासी शाळेचे वैशिष्ट्य असे की तेथे मूल घरी परतत नाही. दिवसाच्या शाळेत दुखावलेल्या मुलाला संध्याकाळी आई भेटते. वसतिगृहात त्याला रात्रीही तीच मुले भेटतात. म्हणून निवासी शाळा एक तर छळाचे सर्वांत कठीण स्थान होते किंवा सर्वांत चांगला प्रतिबंध होते, आणि यांतील काय होणार हे बहुतांशी मोठी माणसे कोठे झोपतात, कोठे जेवतात आणि कोणाबरोबर बसतात यावर ठरते. शिक्षकाने विद्यार्थ्यांसह राहावे हा राष्ट्रीय शाळांचा आदर्श याच कारणाने आज पुन्हा वाचण्याजोगा आहे. मात्र या शाळांची एक मर्यादाही स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. त्यांच्यापुढील मुख्य प्रश्न परकी सत्तेचा होता. वर्गातील पाटावर कोण कोणाशेजारी बसतो हा प्रश्न त्यांच्या विषयपत्रिकेवर अग्रभागी नव्हता. कोल्हापुरातील वेदोक्त प्रकरणात, म्हणजे छत्रपतींच्या घराण्यातील धर्मविधी वेदमंत्रांनी व्हावेत की नाही या वादात, विजापूरकर शाहू महाराजांच्या विरोधी बाजूला होते ही गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही. स्वातंत्र्याचा ध्यास आणि समतेचा ध्यास त्या पिढीत नेहमी एकाच माणसात नांदत नव्हते, आणि महाराष्ट्रातील शाळांमधील सर्वांत खोल छळाचे उत्तर म्हणूनच तळेगावच्या नव्हे, कोल्हापूर आणि साताऱ्याच्या अनुभवात शोधावे लागते.

तो छळ जातीचा होता. अस्पृश्यता ही समाजरचना आहे, निव्वळ मुलांचे दुर्वर्तन नव्हे, आणि तिला ‘शालेय छळ’ या छोट्या पेटीत कोंबणे अन्यायाचे होईल. तथापि ती रचना मुलांच्या जगात ज्या रूपाने उतरली ते रूप वरील व्याख्येत तंतोतंत बसते. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने दाद मागितली आणि त्यावर दोन वर्षे खल झाल्यानंतर, केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व प्रजेला भेदभावाशिवाय खुल्या राहतील असे तत्त्व मुंबई सरकारने जाहीर केले. तत्त्व कागदावर आले. परंतु प्रवेश मिळणे आणि वर्गात सुखाने बसता येणे यांतील अंतर त्याने मिटले नाही. सुमारे चार दशकांनी साताऱ्याच्या शाळेत शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागे आणि ते तरट झाडणाऱ्या नोकराने शिवायचे नाही म्हणून रोज घरी न्यावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नसल्यामुळे शिपाई हजर असेल तरच पाणी मिळे. हे सारे त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत नमूद केले आहे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडवण्यास फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून मुलांनी धावत जाऊन ते काढून घेतले, हा प्रसंग त्यांच्या चरित्रांत येतो.

या प्रसंगातील सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे त्यात खलनायक कोणी एक मुलगा नाही. कोणी मारले नाही, कोणी शिवी दिली नाही. संपूर्ण वर्ग उठला. शिक्षकाने बोलावून योग्य तेच केले होते, पण वर्ग धावला तेव्हा त्याला आवरणारा नियम शाळेजवळ नव्हता. अशा छळात एखाद्या ‘वाईट’ मुलाला शोधून शिक्षा करणे निरर्थक ठरते, आणि ज्याला सोसावे लागते त्याला ‘धीट हो’ असे सांगणे क्रूर ठरते, कारण त्याच्या धीटपणाने डबे जागच्या जागी राहणार नसतात. बदलायला हवी ती बघणाऱ्यांची कृती. आणि बघणारे आपली कृती उपदेशाने बदलत नाहीत, हे पुढील अर्धशतकाच्या इतिहासावरून दिसते. ते बदलतात, जेव्हा बसण्याची, पाणी पिण्याची आणि जेवण्याची व्यवस्था बदलते आणि त्या व्यवस्थेमागे सत्ता किंवा मोठी माणसे ठामपणे उभी राहतात.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी आरंभी निरनिराळ्या जातींसाठी वेगवेगळी वसतिगृहे काढण्यास उत्तेजन दिले. १९०१ मधील व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हे त्यांतील आरंभीचे. त्या काळी हा व्यवहार्य मार्ग होता, कारण संरक्षक भिंतींशिवाय मुले शहरात टिकलीच नसती. परंतु वेगळेपणाने संरक्षण मिळते तरी वेगळेपणाचा डाग राहतो, हे ओळखून १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांसाठीच्या स्वतंत्र शाळा त्या वर्षीच्या दसऱ्यापासून बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण सरकारी शाळांत सामावून घेण्याचा हुकूम काढला. या हुकुमाच्या जोडीला त्यांची वैयक्तिक कृती होती. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचे दुकान काढून दिले आणि आपल्या लवाजम्यासह तेथे जाऊन चहा घेतला, ही घटना कोल्हापुरात सर्वश्रुत आहे. शाळेच्या इतिहासात दुकानाची गोष्ट अप्रस्तुत वाटेल. परंतु प्रतिष्ठित माणूस कोणाच्या शेजारी बसतो हे पाहून इतरांचे वागणे बदलते, या एका सूत्राचे तिच्याहून नेमके उदाहरण मराठी मुलखात क्वचितच सापडेल. सत्तेच्या आर्थिक बाजूचाही उपयोग झाला: अस्पृश्य विद्यार्थ्यांना प्रवेश नाकारणाऱ्या खाजगी संस्थांना अनुदान मिळणार नाही, असे मुंबई सरकारने १९२३ मध्ये ठरवले, आणि त्यामुळे भेदभावाची किंमत प्रथमच मुलाऐवजी संस्थेला मोजावी लागण्याची शक्यता निर्माण झाली.

भाऊराव पाटील यांनी यापुढचे पाऊल टाकले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले, ज्याला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव मिळाले. या वसतिगृहाची थोरवी नेहमी त्यागाच्या भाषेत सांगितली जाते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी मुलांना अन्न मिळावे म्हणून मंगळसूत्रसुद्धा विकले, हे खरेच आहे आणि ते कोणत्याही मराठी वाचकाला हलवून सोडते. परंतु छळाच्या प्रतिबंधाच्या दृष्टीने त्या घराची रचनाच अधिक शिकवणारी आहे. तेथे एक चूल होती, एक पंगत होती. पाणी भरणे, दळणे, स्वयंपाक करणे ही कामे मुले जातीनुसार न वाटता एकत्र करीत. आणि एक आईसारखी बाई त्याच घरात वावरत होती, जिच्या नजरेआड फारसे काही राहत नसे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑल्पोर्ट यांनी १९५४ मध्ये असे प्रतिपादन केले की, दोन गट नुसते एकत्र आल्याने त्यांच्यातील द्वेष कमी होत नाही. त्यासाठी दर्जा समान असावा, ध्येय सामायिक असावे, काम परस्परांच्या मदतीने व्हावे आणि अधिकाऱ्यांचा या सर्वाला स्पष्ट पाठिंबा असावा लागतो. या चारही अटी साताऱ्यातील त्या वसतिगृहाने तीस वर्षे आधी, पुस्तकाशिवाय, पुऱ्या केल्या होत्या.

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींचे वसतिगृहातील काम याच परंपरेत बसते. त्यांनी मुलांच्या खोल्या स्वतः झाडल्या, त्यांच्यासाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालवले, आजारी मुलांची शुश्रूषा केली. वसतिगृहाचा व्यवस्थापक मुलांमध्ये सतत असतो, आणि त्याच्याशी बोलण्यासाठी मुलाला आधी ‘तक्रार’ करावी लागत नाही, ही गोष्ट येथे निर्णायक आहे. मराठी शाळेत चहाडी करणाऱ्याला फार हलके मानले जाते. चुगलीखोर हा शिक्का मुले मारापेक्षा जास्त घाबरून टाळतात. म्हणून ज्या शाळेत बोलण्याचा एकमेव मार्ग म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन नाव सांगणे हा असतो, तेथे बहुतेक मुले गप्प राहतात.

स्वातंत्र्योत्तर काळात या समस्येकडे कायद्याने पाहिले गेले, पण ते मुख्यतः महाविद्यालयांच्या वसतिगृहांत नव्या विद्यार्थ्यांना ज्येष्ठांकडून होणाऱ्या त्रासाच्या, म्हणजे रॅगिंगच्या, निमित्ताने. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा केला, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड यांची तरतूद आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे आणि त्याने दुर्लक्ष केले तर तोही गुन्ह्यास साहाय्य करणारा मानला जातो. बघ्याला, तोही अधिकारावर असलेल्या बघ्याला, जबाबदार धरणारे हे कलम या कायद्याचा कणा आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी केली. परंतु त्यातील कारवाईची वाट सेवाशर्तींच्या नियमांतून जाते, म्हणजे ती मोठ्यांना लागू पडते, मुलांनी मुलांना दिलेल्या त्रासापर्यंत पोचत नाही. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने मार्च २०२२ मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळांत ‘सखी सावित्री समिती’ स्थापण्याचे आदेश दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर अशा समित्या किती शाळांत खरोखर अस्तित्वात आहेत हा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला. कागदावरील समिती आणि मधल्या सुटीतील जिना यांतील अंतर हे १८५८ चे ते तत्त्व आणि प्रत्यक्ष वर्ग यांतील अंतरासारखेच आहे.

छळ खरोखर कशाने कमी होतो याची मोजून केलेली तपासणी मात्र युरोपात झाली. नॉर्वेच्या उत्तर भागात १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्या, त्यांमागे सहाध्यायांचा छळ असल्याचे समोर आले, आणि सरकारने १९८३ मध्ये देशभर मोहीम हाती घेतली. बर्गेन शहरात ओल्वेउस यांनी ४२ शाळांतील सुमारे २५०० मुलांचा अडीच वर्षे मागोवा घेतला; छळाचे प्रमाण जवळपास निम्म्याने उतरले. त्याच मोहिमेचे तेच साहित्य रोगालांद या दुसऱ्या विभागातही वाटले गेले होते, पण तेथे शाळांना मागून आधार मिळाला नाही, आणि तेथील पाहणीत सुधारणा दिसली नाही. काही बाबतींत स्थिती बिघडलेली आढळली. पुस्तिका एकच असताना निकाल इतके भिन्न यावेत, याचा अर्थ पुस्तिका काम करत नाही, ती वापरणारी माणसे करतात. पुढे शंभराच्या आसपास उपक्रमांचे एकत्रित परीक्षण झाले तेव्हा सरासरी घट सुमारे एक-पंचमांश इतकीच भरली. हा आकडा लहान वाटला तरी तो प्रामाणिक आहे, आणि ‘एका कार्यशाळेत छळमुक्त शाळा’ असे आश्वासन देणाऱ्यांपुढे तो ठेवला पाहिजे.

फिनलंडमधील क्रिस्टिना साल्मिवल्ली यांनी १९९६ मध्ये या अभ्यासाला निर्णायक वळण दिले. वर्गातील छळात मुलांच्या निरनिराळ्या भूमिका असतात असे त्यांनी दाखवले: छळणारा, त्याला हात देणारा साथीदार, हसून उत्तेजन देणारा, काही न करता बाजूला राहणारा, बाजू घेणारा आणि सोसणारा. छळणाऱ्याला हवी असते ती सोसणाऱ्याची वेदना तितकी नव्हे जितकी इतरांच्या डोळ्यांतील प्रतिष्ठा. हसणारे हसेनासे झाले की त्याचा लाभ आटतो. टोरांटोच्या शाळांमधील मैदानांवर केलेल्या चित्रीकरणाच्या अभ्यासातही असेच आढळले की, छळाच्या बहुतेक प्रसंगी इतर मुले हजर असतात, क्वचितच मध्ये पडतात, पण पडली तर निम्म्याहून अधिक वेळा काही सेकंदांत प्रकार थांबतो. या आधारावर तुर्कू विद्यापीठात घडवलेला ‘किवा’ हा उपक्रम २००९ पासून फिनलंडभर पसरला. त्यात वर्गाला धडे असतात, परंतु प्रत्यक्ष प्रसंग घडल्यावर शाळेतील ठरलेला छोटा गट सोसणाऱ्या मुलाशी आणि छळणाऱ्यांशी वेगवेगळे बोलतो, वर्गात मान असलेल्या दोन-चार मुलांना त्या मुलाची सोबत करण्यास सांगतो, आणि काही दिवसांनी सर्वांना पुन्हा भेटून खरेच थांबले का हे विचारतो. शाहू महाराजांच्या चहाची आणि या दोन-चार मुलांची जात एकच आहे.

या संशोधनाने आपल्याकडील एका आवडत्या उपायावरही बोट ठेवले. दोघांना समोरासमोर उभे करून ‘हात मिळवा, आता मैत्री करा’ असे सांगणे भांडणासाठी योग्य आहे. छळासाठी घातक आहे, कारण त्यात बळाने मोठ्या असलेल्या मुलाला समान पक्षाचा दर्जा मिळतो आणि सोसणाऱ्याला पुढील आठवड्याचा सूड. एका चुकीला थेट निलंबन अशा अतिकठोर धोरणांचेही असेच. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या अभ्यासगटाने २००८ मध्ये त्यांचा फायदा सिद्ध होत नसल्याचे सांगितले. निलंबित मूल शाळेबाहेर जाते, वर्गातील हसणारे जागच्या जागी राहतात.

आजच्या तळेगावाकडे या प्रकाशात पाहिले की प्रश्नाचे स्थानिक रूप स्पष्ट होते. चाकणची औद्योगिक वसाहत १९९० च्या दशकापासून वाढत गेली, तळेगावच्या औद्योगिक क्षेत्रात २००८ मध्ये मोटारींचा मोठा कारखाना सुरू झाला; कारखाने आले की घरे येतात आणि घरांबरोबर वर्षाच्या मध्येच दाखला घेऊन येणारी मुले येतात. अशा मुलाला जुन्या मैत्रीचे कवच नसते. त्याच्या बोलीवरून, हिंदी वळणाच्या मराठीवरून, डब्यातील पदार्थावरून नाव पाडणे सोपे असते. आईबाप पाळ्यांत काम करतात, रात्रपाळीहून आलेला बाप सकाळच्या पालकसभेला येईलच असे नाही, आणि जो पालक सभेला येत नाही त्याच्या मुलासाठी शाळेत आवाज उठवणारे कमी असतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार खाजगी शाळांत दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा राखीव असल्यामुळे एकाच बाकावर निरनिराळ्या आर्थिक स्तरांतील मुले बसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांना या बंधनातून सूट दिली होती; मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो बदल रद्द केला. एकत्र बसवल्याने मुलांचा कोंडमारा होतो, म्हणून वेगळी शाळा बरी, हा युक्तिवाद १९१९ च्या आधीही होता. त्याचे उत्तर तेव्हा बाक वाढवून आणि पंगत एक करून दिले गेले, वेगळे करून नव्हे. शालेय पोषण आहाराची पंगत, जी २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेल्या अन्नाने भरू लागली, ती त्या उत्तराचाच सरकारी विस्तार आहे, मात्र वाढणारा शिक्षक स्वतः त्या पंगतीत बसतो की दाराशी उभा राहतो यावर तिचा परिणाम ठरतो.

या पट्ट्यातील शाळेने काय करावे याची उत्तरे म्हणून फार दूर शोधावी लागत नाहीत. छळ वर्गात शिक्षकासमोर क्वचित होतो. तो पाण्याच्या नळाशी, मुताऱ्यांच्या आडोशाला, मागच्या जिन्यावर, शाळेच्या बसमध्ये आणि रिक्षाकाकांच्या दाटीवाटीच्या रिक्षात होतो, आणि अलीकडे वर्गमित्रांच्या भ्रमणध्वनीवरील गटात रात्री उशिरापर्यंत चालतो. त्यामुळे मधल्या सुटीत शिक्षकांची पाळी कोठे लागते आणि बसमधील मदतनीस बाईला काय विचारायचे व कोणाला सांगायचे हे ठाऊक आहे का, या साध्या प्रश्नांत प्रतिबंधाचा मोठा भाग सामावलेला आहे. वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलाला कोणत्या बाकावर बसवायचे हे रिकाम्या जागेवरून न ठरवता वर्गात मान असलेल्या मुलाच्या शेजारी बसवणे, मॉनिटरची जबाबदारी आळीपाळीने देणे, तक्रार ऐकणारी व्यक्ती मुलांना नावाने माहीत असणे आणि ती तक्रार सात दिवसांत तपासली जाणे, यांपैकी कशालाही वेगळा निधी लागत नाही. सर्वांत दुर्लक्षित राहते ती शेवटची पायरी: दोन आठवड्यांनी, आणि पुन्हा महिन्याने, त्या मुलाला एकट्याला बोलावून ‘आता कसे आहे?’ असे विचारणे, आणि त्याचे उत्तर त्याच वहीत तारखेसह लिहून ठेवणे.